बुडावरची सहा अक्षरं आणि आतली माती

प्रश्न थोडक्यात असा आहे: पणजोबांनी मुंबईहून आणलेली, पांढऱ्यावर निळी नक्षी असलेली एक बरणी घरात आहे. बुडावर सहा चिनी अक्षरं आहेत. झाकण मागच्या वर्षी फुटलं, त्याचे तुकडे डब्यात जपून ठेवलेत. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने ‘मिंग आहे’ (म्हणजे चीनच्या मिंग राजघराण्याच्या काळातली, १३६८–१६४४) असं छातीठोकपणे सांगितलं. एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारी) तपासणी केली तर वय कळेल का? आणि अशा भांड्याच्या मातीत आणि झिलईत शास्त्रज्ञ नेमकं बघतात तरी काय?

आधी सरळ उत्तर देतो. एक्सआरएफने वय कळत नाही. त्या यंत्राला काळ दिसत नाही, मूलद्रव्यं दिसतात. घडवणाऱ्याने कुठली माती घेतली, झिलईत चुना आणि राख किती घातली, निळा रंग कुठल्या खनिजातून काढला, एवढं ते सांगू शकतं. थोडक्यात, ते पाककृती वाचतं. ही पाककृती चीनमध्ये हजारेक वर्षांत मोजक्या काही वळणांवर बदलली. भांडं त्या वळणाच्या अलीकडचं की पलीकडचं, हे बरेचदा ठामपणे सांगता येतं. पण जिथे दोनशे वर्षं पाककृती तशीच चालत राहिली, तिथे कितीही महागडं यंत्र आणा, ते गप्प बसतं. या धंद्यात माझे केस पांढरे झाले, आणि लोकांची सगळ्यात मोठी निराशा मी इथेच पाहिली आहे. त्यांना तारीख हवी असते आणि आम्ही हातात टक्केवारीचा कागद देतो.

आता ती सहा अक्षरं. तुमच्या छायाचित्रात ती स्पष्ट वाचता येतात. ‘महान मिंग, श्वान्दे राजवटीत बनवलं’ असा त्यांचा अर्थ. श्वान्दे राजवट १४२६ ते १४३५. पण या अक्षरांना सातबारा समजू नका. चिनी कुंभारांना जुन्या राजवटीचं नाव नव्या भांड्यावर घालण्यात काही गैर वाटत नसे. कधी तो जुन्या कारागिरीला केलेला नमस्कार असे, कधी निव्वळ बाजारपेठेचा हिशेब. कांगशी सम्राटाच्या काळात (१६६२–१७२२) भाजलेल्या भांड्यांवर त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या छंगह्वा राजवटीची अक्षरं सर्रास सापडतात. श्वान्देचं नावही असंच लोकप्रिय. तेव्हा अक्षरं बाजूला ठेवू आणि मातीकडे जाऊ.

आपल्याकडे ‘चिनी माती’ हा शब्द फार सैल वापरला जातो. लोणच्याची वरून तपकिरी, खाली पांढरट बरणी आपण चिनी मातीचीच म्हणतो, पण ते स्टोनवेअर, म्हणजे जाड, अपारदर्शक, कडक भाजलेलं भांडं. खरं पोर्सिलेन पातळ असेल तर उजेडापुढे धरल्यावर त्यातून बोटांची सावली दिसते, आणि टिचकी मारली तर घंटेसारखं वाजतं. ते एका मातीचं नसतं, निदान नंतरच्या काळात तरी नाही. चीनच्या जियांगशी प्रांतात जिंगदेझेन नावाचं गाव आहे. त्याच्या जवळच्या गाओलिंग या ठिकाणावरून ‘केओलिन’ हा शब्द जगभर गेला. गाओलिंग म्हणजे उंच डोंगरधार. ही झाली एक माती, पांढरी, भाजताना न वितळणारी. दुसरा असतो एक दगड. ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या मुसळांनी तो उखळात कुटायचा, पाण्यात निवळायचा, आणि खाली बसलेल्या गाळाच्या विटा पाडायच्या. त्या विटांवरूनच त्याचं नाव पडलं, ‘पाई-तुन-त्झ’, म्हणजे छोट्या पांढऱ्या विटा.

जिंगदेझेनमध्ये राहिलेल्या फादर दांत्रेकोल या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंनी १७१२ आणि १७२२ मध्ये लिहिलेल्या दोन पत्रांत ही सगळी कृती नोंदवलेली आहे. त्यात एक किस्सा येतो. युरोपियनांनी नुसत्या विटा नेल्या, केओलिन नेलं नाही, आणि त्यांचं भांडं काही उभं राहिलं नाही. त्यावर एक चिनी व्यापारी हसून म्हणाला की यांना हाडांशिवाय नुसत्या मांसाचं शरीर हवं होतं. केओलिन म्हणजे हाड, दगड म्हणजे मांस. उपमा इतकी चपखल की ती पुढे सगळ्यांनी उचलली. पण गंमत पुढेच आहे. १८५०च्या सुमारास फ्रान्समधल्या सेव्र येथील पोर्सिलेनच्या कारखान्यात एबेलमन आणि साल्व्हेता यांनी चीनहून आलेल्या कच्च्या मालाचं रासायनिक पृथक्करण केलं. तो दगड म्हणजे युरोपातल्यासारखा फेल्डस्पार हे खनिजच, असा समज बराच काळ टिकला. शेर्झर नावाच्या फ्रेंच वाणिज्यदूताने १८८२ मध्ये जिंगदेझेनला जाऊन नमुने गोळा केले. त्यांवर काम करून जॉर्ज व्होग्ट यांनी १९०० मध्ये दाखवलं की त्या दगडात मुख्यतः क्वार्ट्झ आणि सेरिसाइट नावाचा बारीक पांढरा अभ्रक आहे. हा फरक किरकोळ नाही. अभ्रकाचे चपटे कण एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे कुटलेला दगड मातीसारखा मळता येतो आणि चाकावर चढतो. वर त्यातलं पोटॅशियम भट्टीत वितळून काच बनवतं. म्हणजे नुसत्या मांसाचं शरीर उभं राहू शकत होतं. सोंग काळात (दहावं ते तेरावं शतक) जिंगदेझेनच्या कुंभारांनी ते केलंही होतं.

इथून आमच्या कामाचा पहिला आधार मिळतो: उत्तर की दक्षिण. चीनचा भूभाग दोन प्राचीन खंडतुकड्यांचा बनला आहे. ते ट्रायासिक काळात, वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, एकमेकांना भिडले आणि सांध्यावर छिनलिंग पर्वतरांग उभी आहे. उत्तरेकडे कुंभारांना कोळशाच्या थरांसोबत येणाऱ्या गाळाच्या माती मिळाल्या. त्यांत केओलिनाइट (केओलिनमधलं मुख्य खनिज) भरपूर, म्हणून ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) बरेचदा २५ ते ३५ टक्के, आणि टायटॅनियमही जाणवण्याइतकं. दक्षिणेकडे ज्वालामुखी खडक कुजून झालेला तो दगड, त्यात सिलिका ७५ टक्क्यांच्या आसपास, ॲल्युमिना १८च्या आगेमागे, टायटॅनियम नगण्य. हबै प्रांतातलं दिंग भांडं हस्तिदंती दिसतं आणि जिंगदेझेनचं छिंगबाई भांडं निळसर झाक मारतं, यामागे कलात्मक निवडीपेक्षा भूगर्भाचा हात मोठा आहे. उत्तरेत सोंग काळात भट्ट्या कोळशावर गेल्या. कोळशाच्या भट्टीत हवा खेळती राहिली, लोखंडाचं ऑक्सिडीकरण झालं, टायटॅनियमने त्याला साथ दिली आणि पिवळसर छटा आली. दक्षिणेत लाकूड जळत होतं. धूर कोंडून क्षपण साधलं, म्हणजे ऑक्सिजन काढून घेतला गेला, तेच थोडंसं लोखंड निळसर-हिरवट झालं. दोन खापऱ्या शेजारी ठेवल्या तर हे नुसत्या डोळ्यांनीही कळतं. आकडे फक्त खात्री देतात.

दुसरं वळण म्हणजे हाड-मांसाचं मिश्रण. जिंगदेझेनमध्ये युआन काळात (१२७९–१३६८) दगडात केओलिन मिसळायला सुरुवात झाली. कारण सरळ होतं: मोठी भांडी घडवायची होती आणि नुसत्या दगडाचं भांडं तापल्यावर बसायचं. केओलिन वाढवलं की ॲल्युमिना वाढतो, भाजणीचं तापमान वर नेता येतं आणि आकार टिकतो. पुढच्या शतकांत हे प्रमाण वाढत गेलं आणि छिंग काळातल्या (१६४४–१९१२) चांगल्या भांड्यांत ॲल्युमिना २५ टक्क्यांच्याही पुढे जातो. म्हणजे जिंगदेझेनच्या बरणीच्या अंगात ॲल्युमिना २६ निघाला आणि बुडावर श्वान्दे लिहिलेलं असेल, तर माझ्या भुवया वर जातात. १९–२० निघाला तर ‘असू शकेल’ एवढंच. या ‘असू शकेल’मध्ये आणि ‘आहे’मध्ये लाखोंचा फरक असतो, हे व्यापारी चांगलं जाणून असतात.

झिलई म्हणजे भांड्याच्या अंगावर चढवलेली काच. जिंगदेझेनची झिलई बनवायची पद्धत मला फार आवडते, कारण ती स्वयंपाकघरातली वाटते. चुनखडी भाजून विरवलेला चुना आणि नेच्याच्या वाळक्या पानांचे थर एकावर एक रचून जाळायचे, पुन्हा पुन्हा. उरलेली राख निवळून त्याच पांढऱ्या दगडाच्या रगड्यात कालवायची. कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावर ती चढवायची आणि अंग-झिलई एकदमच भाजायची. राख जास्त म्हणजे कॅल्शियम जास्त, झिलई लवकर वितळते, पातळ आणि काचेसारखी पारदर्शक होते, ओघळते. राख कमी म्हणजे झिलई घट्ट, जाडसर, किंचित दुधी. सोंग काळात कॅल्शियम ऑक्साइड बहुधा १० ते १५ टक्के असतो, युआनपासून तो उतरत जातो आणि पोटॅशियम-सोडियमचा वाटा वाढतो. ही झाली आणखी एक घसरगुंडी, जिच्यावर तुमची बरणी कुठे बसते ते बघता येतं. झेजियांग प्रांतातल्या लोंगछ्वानच्या कुंभारांनी हेच तंत्र टोकाला नेलं. दक्षिण सोंग काळात त्यांनी चुना कमी करून झिलईचे अनेक थर चढवले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या झिलईत बारीक बुडबुडे, न विरघळलेले क्वार्ट्झचे कण आणि ॲनॉर्थाइट या खनिजाचे स्फटिक दिसतात. प्रकाश त्यात शिरतो, धडपडतो आणि मऊ होऊन बाहेर येतो. जेडसारखं दिसतं ते यामुळे. याच हिरव्या थाळ्यांबद्दल आपल्याकडच्या दरबारांत समजूत होती की विष कालवलेलं अन्न वाढलं तर थाळी तडकते. प्रयोगशाळेत हे करून बघायची कुणाची हिंमत झालेली नाही.

रंग म्हटला की माणूस रंगद्रव्य शोधतो, आणि इथेच नवशिक्या विश्लेषक फसतो. हनान प्रांतातल्या ‘जून’ नावाच्या भांड्यांची आकाशी निळी झिलई घ्या. यंत्र लावलं तर कोबाल्ट सापडत नाही. थोडं लोखंड आहे, पण त्याने एवढा निळा उजळत नाही. उत्तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मिळालं: भट्टी हळूहळू थंड होताना ती काच दोन काचांत फाटते, ताकात लोणी वेगळं व्हावं तशी, आणि एका काचेत दुसरीचे अतिसूक्ष्म थेंब अडकून राहतात. ते थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान असल्याने निळा प्रकाश जास्त विखुरतात. आकाश निळं दिसतं त्याच कारणाने जून निळं दिसतं. ॲल्युमिना कमी, सिलिका जास्त आणि थोडा फॉस्फरस असेल तर हे घडतं. त्यावर कुठे जांभळा फटकारा असेल तर तो मात्र तांब्याचा. म्हणजे एकाच वाडग्यावर एक रंग रसायनाचा आणि एक निव्वळ रचनेचा. एक्सआरएफला फक्त पहिला दिसतो.

फुजियानच्या ज्यान वाडग्यांचं थोडक्यात सांगतो, कारण ती पोर्सिलेन नव्हेत. काळ्या झिलईवर सशाच्या केसांसारख्या रेषा किंवा तेलाच्या थेंबांसारखे ठिपके असतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या झिलईच्या पृष्ठभागावर एप्सिलॉन आयर्न ऑक्साइड हे लोखंडाच्या ऑक्साइडचं दुर्मिळ रूप सापडलं. आजच्या प्रयोगशाळांना हा पदार्थ शुद्ध आणि मोठ्या स्फटिकांत मिळवणं जड जातं, आणि तो सोंग काळातल्या चहाच्या वाडग्यावर होता. कुंभाराला त्याचं नाव माहीत असायची गरज नव्हती, भट्टी कधी थांबवायची ते माहीत होतं.

आता तुमच्या बरणीचा खरा विषय, निळा रंग. तो कोबाल्टचा. कच्च्या भांड्यावर कुंचल्याने काढायचा, वर झिलई, मग साधारण १२५० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजणी. कोबाल्ट कधीच एकटा येत नाही, त्याच्यासोबत त्याच्या खाणीतले सोयरे येतात. युआन आणि मिंगच्या सुरुवातीच्या उत्तम भांड्यांवर जो कोबाल्ट आहे त्यात लोखंड भरपूर आणि मँगनीज अगदी कमी. चीनमधल्या स्थानिक कोबाल्ट खनिजात उलट, मँगनीज कोबाल्टच्या कितीतरी पट. म्हणून पहिला बाहेरून आलेला मानला जातो, आणि चिनी ग्रंथांत तो ‘सु-मा-ली निळा’ या नावाने येतो. पश्चिम आशियाशी त्याचा संबंध जोडला जातो. इराणात काशानजवळच्या कमसरला कोबाल्टच्या जुन्या खाणी आहेतच. मिंगच्या मध्यापासून स्थानिक खनिजाचा वाटा वाढला आणि छिंग काळात ते नीट शुद्ध करून वापरायला लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आणखी एक प्रकार येतो: कारखान्यात शुद्ध केलेला कोबाल्ट ऑक्साइड, ज्यात ना मँगनीज ना लोखंड. त्याचा निळा डोळ्यात खुपतो. मी त्याला शाळेच्या शाईचा निळा म्हणतो.

तर मँगनीज आणि कोबाल्टचं गुणोत्तर हा आमचा हुकमी पत्ता. पण एक अडचण आहे. श्वान्देच्या काळातच आयात आणि स्थानिक खनिज दोन्ही वापरात होती, मिसळलेलीही. त्यामुळे तुमच्या बरणीत मँगनीज जास्त निघालं तर ‘श्वान्दे नाही’ असं नुसत्या त्यावरून म्हणता येत नाही. निव्वळ शुद्ध कोबाल्ट निघाला, तर मात्र चर्चा तिथेच संपते.

आयात कोबाल्टची आणखी एक खूण आहे, आणि तिला यंत्र लागत नाही, दहापट भिंग आणि बोट पुरतं. रंग जिथे जाड पडला तिथे काळसर डाग असतात. बोट फिरवलं तर तिथे झिलई किंचित खोलगट लागते. भिंगातून पाहिलं की त्या डागात नेच्याच्या पानासारखे किंवा हिमकणासारखे फाटे फुटलेले करडे स्फटिक दिसतात. लोखंड एवढं जास्त होतं की ते काचेत मावलं नाही आणि थंड होताना मॅग्नेटाइट (लोखंडाचा काळा ऑक्साइड) बनून वर आलं. आता गंमत बघा. अठराव्या शतकात योंगझंग आणि च्यानलोंग सम्राटांच्या काळात जुन्या मिंगची नक्कल करायची टूम निघाली, तेव्हा कुंभारांनी हे डाग मुद्दाम कुंचल्याने टिपले. त्यांच्याकडचा कोबाल्ट आपोआप डाग देत नव्हता ना! हे टिपके भिंगाखाली लगेच पकडता येतात. खरा डाग रेषेच्या आतून उमटतो आणि कडा विरघळलेल्या असतात. नकली डाग वरून ठेवल्यासारखा, आणि अंतरं फार नेटकी. तुमच्या दुसऱ्या छायाचित्रात वेलीच्या पानांवरचे टिपके मला असेच नेटके वाटले. छायाचित्रावरून पैज लावणार नाही.

एक्सआरएफ म्हणजे भांड्यावर क्ष-किरण टाकायचे आणि प्रत्येक मूलद्रव्य परत देतं ते त्याच्या खास ऊर्जेचे किरण मोजायचे. हातात धरायचं यंत्र केस वाळवायच्या ड्रायरसारखं दिसतं, मिनिटभरात आकडे देतं, आणि तीच त्याची मोठी खोट. सिलिकॉनचे किरण काचेतून जेमतेम दहा मायक्रॉन बाहेर येतात, लोखंडाचे शे-दोनशे मायक्रॉन, झिर्कोनियमचे मिलिमीटरच्या आसपास. झिलई असते अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. म्हणजे एकाच मोजणीत सिलिकॉन सांगतो झिलईच्या वरच्या पापुद्र्याबद्दल, लोखंड झिलईच्या आतल्या थराबद्दल, आणि झिर्कोनियम खालच्या अंगाबद्दल. तिघांना एका ओळीत मांडून ‘झिलईचं पृथक्करण’ म्हणणारा अहवाल मी बाजूला ठेवतो. निळ्याचंही तसंच. मँगनीजची रेषा, म्हणजे आलेखातलं त्याचं टोक, ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला, कोबाल्टची ६.९ला. वरची झिलई मँगनीजला जास्त शोषते, म्हणून जाड झिलईखाली मँगनीज खरं आहे त्याहून कमी दिसतं. शिवाय कोबाल्टची रेषा लोखंडाच्या दुसऱ्या रेषेला जवळजवळ चिकटलेली. म्हणून मी निळ्या जागेची मोजणी घेतो, लगेच शेजारच्या पांढऱ्याची घेतो, आणि एकातून दुसरी वजा करतो. निळ्याची पाच ठिकाणं, पांढऱ्याची पाच, बुडाच्या उघड्या कडेची तीन. कड आधी डिस्टिल्ड पाण्याने पुसायची, कारण शंभर वर्षं फडताळावर बसलेल्या भांड्याच्या बुडाला मेण, चुना, कधी ब्रासोसुद्धा लागलेलं असतं.

माझी एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत हिरव्या-पिवळ्या मीनाकामाची एक थाळी मोजली. पडद्यावर आर्सेनिक चांगलं काही टक्के. मला माहीत होतं की १७२०च्या सुमारास गुलाबी रंगपट्टी आली, तिच्यासोबत रंग अपारदर्शक करायला आर्सेनिक आलं. मी लगेच लिहून टाकलं: थाळी त्यानंतरची. माझ्या वरिष्ठांनी कागदावर नजर टाकली आणि एवढंच विचारलं, “अरे, पण बीटा कुठाय?” आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ला आणि शिशाची १०.५५ला. सॉफ्टवेअरला दोघं जुळ्या भावांसारखे. आर्सेनिक खरंच असेल तर त्याची दुसरी, म्हणजे बीटा, रेषा ११.७ला दिसायला हवी. तिथे काहीच नव्हतं. ते सगळं शिसं होतं, जे प्रत्येक जुन्या चिनी मीनाकामात असतंच. तेव्हापासून मी टक्केवारी नंतर बघतो, आधी आलेख बघतो.

तुमच्या बरणीवर मीनाकाम नाही, म्हणून तो भाग लांबवत नाही. एकच उपयोगी गोष्ट सांगतो: क्रोमियम हे मूलद्रव्यच १७९७ मध्ये सापडलं. ‘च्यानलोंग’ म्हणून विकायला आलेल्या भांड्याच्या हिरव्या रंगात क्रोमियम निघालं तर तो हिरवा नंतरचाच. टायटॅनियमच्या पांढऱ्याचंही असंच, तो विसाव्या शतकातला.

वय थेट मोजायचंच असेल तर थर्मोल्युमिनेसन्स. माती भट्टीतून निघाली की तिचं घड्याळ शून्यावर येतं, मग क्वार्ट्झसारख्या कणांत किरणोत्सर्गाचा साठा वर्षानुवर्षं भरत जातो. तापवल्यावर तो प्रकाश म्हणून बाहेर येतो. पोर्सिलेनसाठी बुडातून दोन-तीन मिलिमीटर जाडीचा छोटा गाभा कोरून काढावा लागतो. एवढं करून उत्तर वीसेक टक्क्यांच्या घोळासह येतं. म्हणजे सहाशे वर्षांच्या भांड्याला शंभर-सव्वाशे वर्षं इकडे-तिकडे. श्वान्दे की छंगह्वा हे त्यातून कळणार नाही, पण १४३० की १९३० हे नक्की कळेल. यालाही फसवणारे आहेत. खऱ्या जुन्या भांड्याचं बूड कापून नव्या अंगाला बसवतात, आणि नमुना तर बुडातूनच घेतला जातो. काही जण नव्या भांड्याला किरणांचा डोस देऊन त्याला म्हातारं करतात. म्हणून अंग आणि बूड दोन्हीकडची मोजणी जुळते का, हे मी आधी एक्सआरएफने बघतो. पैसा वाचतो आणि छिद्रही टळतं.

महाराष्ट्र-गोव्यात हे सामान कुठून आलं, हेही विचारात घ्यायला हवं. चिनी भांडी आपल्या किनाऱ्यावर जुनीच आहेत. रायगड जिल्ह्यातल्या चौलला डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी उत्खनन केलं, तिथे चिनी खापऱ्या मिळाल्या. गोगटे स्वतः क्ष-किरण विवर्तनाने खापऱ्यांच्या मातीचा माग काढणारे, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. पोर्तुगीज १५५७ पासून मकावला बसले, आणि मकाव ते लिस्बन या वाटेवर गोवा हा मोठा थांबा होता, म्हणून जुन्या गोव्यात मिंग काळातल्या खापऱ्या सापडतात. दिल्लीत फिरोजशाह कोटल्याला तुघलकांच्या राजवाड्याच्या जागी चौदाव्या शतकातल्या युआन थाळ्या निघाल्या. पण अखंड बरणी पणजोबांच्या हाताने मुंबईहून घरी येते, तेव्हा मला आधी एकोणिसाव्या शतकातला मुंबई–कँटन (चीनचं दक्षिणेकडचं बंदर) व्यापार आठवतो. कापूस आणि अफू तिकडे जात, चहा, रेशीम, भांडी इकडे येत. पारशी घरांतली कपाटं त्याने भरली. टाटा कुटुंबातल्या संग्रहांतून आलेली चिनी भांडी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. तुमची बरणी तिथल्या भांड्यांशेजारी मनाने ठेवून बघा, काचेच्या बाहेरूनही पुष्कळ कळतं. माझा अंदाज विचाराल तर छिंग काळातली, बहुधा एकोणिसाव्या शतकातली. मोजणीनंतर हा अंदाज चुकला तर मला आनंदच होईल.

आता करायचं काय ते. व्यापाऱ्याला ‘बघू’ म्हणून सांगा. बरणी ॲसिडने किंवा घासणीने घासू नका, बुडाची काळपट कड तर अजिबात नाही. थर्मोल्युमिनेसन्सचा विचार असेल तर कुणाच्या सांगण्यावरून आधी सीटी स्कॅन करून घेऊ नका, तो डोस मोजणीत मिसळतो. आणि झाकणाचे तुकडे. तुम्ही ते फुटकं म्हणून अपराधी वाटून लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने बरणीपेक्षा ते मोलाचे आहेत, झाकण मूळचंच असेल तर. अखंड भांड्याला मी बाहेरून विचारतो, तुटलेल्या कडेत सगळं उघडं पडलेलं असतं: वर झिलई, तिच्या तळाशी निळ्याची पातळ रेघ, आणि खाली पांढरं अंग. तांदळाएवढा तुकडा रेझिनमध्ये बसवून घासला की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अंगातल्या म्युलाइट या खनिजाच्या सुया मोजता येतात, झिलई-अंगाचा सांधा दिसतो, आणि झिलईचं खरं पृथक्करण, खालच्या अंगाची भेसळ न होता, पहिल्यांदाच हाती येतं. झाकण आणि बरणी एकाच मातीची आहेत का, तेही त्यातच कळेल. म्हणून त्या तुकड्यांना ॲराल्डाइट लावू नका, धुऊ नका, वेगवेगळ्या कागदी पुड्यांत बांधा आणि येताना बरणीआधी ते पिशवीत घाला.